अन्नविद्येच्या गुरू : कमलाबाई सोहोनी

गुरू हा शब्द आपल्याकडे गवयाला शोभतो, वैदिकाला शोभतो, आखाड्यातल्या वस्तादालाही शोभतो. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात धरून उभ्या असलेल्या बाईला तो शब्द लावताना मात्र जीभ थोडी अडखळते. तिला आपण प्राध्यापिका म्हणतो, शास्त्रज्ञ म्हणतो आणि आदरपूर्वक दूर ठेवतो. वस्तुतः जिची विद्या आपल्या रोजच्या जगण्यात उतरते आणि नाव ठाऊक नसले तरी पुढे चालत राहते, ती व्यक्ती गुरू, अशी साधी कसोटी लावली तर डॉ. कमलाबाई सोहोनी यांना हा मान द्यावाच लागेल. वाल, मूग, दूध, नीरा, ताडगूळ या साध्या वस्तूंचा त्यांनी उभा जन्म अभ्यास केला आणि गरिबाच्या ताटात जे पडते त्याला विद्यापीठाच्या दारातून आत आणले.

मी गाणे शिकविणारा माणूस. वडील बडोदे संस्थानच्या अखेरच्या वर्षांत कलावंत कारखान्यात नोकरीस होते आणि मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता. तेव्हा अन्नशास्त्राच्या प्राध्यापिकेविषयी मी का लिहावे, असा प्रश्न बडोदेकर वाचकांच्या मनात आल्यास तो रास्तच आहे. गेली काही वर्षे नोकरीनिमित्त माझा मुक्काम सुरतेस आहे, आणि तेथील लिंबायत भागातल्या मराठी मुलांना मी संध्याकाळी गाणे शिकवितो. कमलाबाईंची आठवण मला तेथे झाली. ती हकीकत पुढे येईलच. आधी कमलाबाईंविषयी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ साली इंदुरास, होळकरांच्या राजधानीत; म्हणजे आपल्या बडोद्यासारख्याच एका मराठी संस्थानी शहरात. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. दुर्गाबाईंना मराठी वाचक घरच्या माणसासारखे ओळखतात. धाकट्या बहिणीचे नाव काढले की पुष्कळ जण ‘कोण बरे या?’ म्हणून विचारतात. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. गवयाच्या घरी मूल पाळण्यातच तंबोरा ऐकते, तसे या मुलीने घरात रसायनशास्त्र ऐकले असणार. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यावर, जेथे वडील आणि चुलते शिकले तेथेच आपण जावे, असे तिला वाटले यात नवल नाही. तिने अर्ज पाठविला आणि तो परत आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले, सगळ्या देशाला ज्यांचा अभिमान, असे हे थोर गृहस्थ. संशोधन हे स्त्रियांचे काम नव्हे, अशी त्यांची समजूत होती. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या, रामन यांना भेटल्या, कारण विचारले, आणि समाधानकारक उत्तर मिळेना तेव्हा त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रहाला बसल्या. गांधीजींचे ते दिवस होते. मिठासाठी, विदेशी कापडासाठी सत्याग्रह झाले होते. एका मुलीने प्रयोगशाळेच्या दारासाठी सत्याग्रह करावा, हे मात्र नवीन होते. अखेर प्रवेश मिळाला, पण तीन अटींवर. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि तिच्या वावराने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. या शेवटच्या अटीचा अर्थ वाचकांनीच लावावा. कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत, आणि पुढे जाहीर सभेत त्याविषयी बोलण्यासही कचरल्या नाहीत.

गाण्याच्या माणसाला येथे एक गोष्ट विशेष टोचते. रामन हे आपल्या वाद्यांचे मोठे जाणकार. १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर आणि १९३४ साली स्वतंत्रपणे आपल्या तबला-मृदंगावर निबंध प्रसिद्ध केले. साध्या ढोलाचा आवाज बेसूर का आणि तबल्याचा सुरेल का, याचे कारण त्यांनी शाईत शोधले. पुडीच्या मध्यावर थरावर थर देऊन घोटलेल्या त्या काळ्या लेपामुळे कातड्याचे कंपन असे बदलते की, पहिले नऊ कंपनप्रकार पाच सुसंवादी स्वरांत येऊन बसतात, हे त्यांनी सिद्ध केले. ज्या अनामिक कारागिराने प्रथम ही शाई घोटली त्याची बुद्धी रामन यांनी ओळखली आणि जगाला दाखविली. कातड्यातला सूर ज्या कानाला इतका स्वच्छ ऐकू आला, त्याच कानाला १९३३ साली दाराबाहेर बसलेल्या मुलीचे म्हणणे ऐकू येऊ नये! मोठेपणाची ही मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याने रामन यांचे मोठेपण लहान होत नाही. वर्षभर कमलाबाईंचे काम पाहिल्यावर त्यांचेही मत पालटले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले, हेही सांगितले पाहिजे.

दार रामन यांनी अडविले. विद्या मात्र दुसऱ्याने दिली. एम. श्रीनिवासय्या हे कमलाबाईंचे बंगलोरमधील मार्गदर्शक. कडक शिस्तीचे, कामात जराही ढिलाई खपवून न घेणारे, पण शिष्य पात्र दिसला की हातचे काही राखून न ठेवणारे, अशी त्यांची ख्याती. अशा गुरूंची जात गवयांना परिचित आहे. ‘सा’ लावून घेण्यात सहा महिने घालविणारे आणि एकदा तो लागला की रात्ररात्र बंदिशी सांगत बसणारे! श्रीनिवासय्यांनी या शिष्येला दुधातील आणि डाळींतील प्रथिनांच्या अभ्यासाला लावले. हा विषय कमलाबाईंना पुढे जन्मभर पुरला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळींतून, त्या देशात या विषयाइतके निकडीचे दुसरे काय असणार? १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या.

केंब्रिजला त्यांना उलटा अनुभव आला. तेथे प्रयोगशाळा भरलेली होती. नव्या विद्यार्थ्याला जागाच नव्हती. डॉ. डेरेक रिश्टर यांनी त्यांना दिवसा कामासाठी आपले एक टेबल देऊ केले. रात्री त्याच टेबलावर रिश्टर झोपत! बंगलोरला सगळी संस्था होती आणि जागा नव्हती; येथे एक टेबल होते आणि तेही वाटून घेणारा माणूस निघाला. पुढे त्यांनी रॉबिन हिल यांच्या हाताखाली बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या पेशीपेशीत, श्वसनाच्या क्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, असे दाखविले. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या सहवासाचा लाभही त्यांना तेथे झाला. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. चांगल्या ख्यालासारखे हे आहे. सांगण्यासारखे असेल तेवढे सांगून थांबावे. १९३९ साली पदवी घेऊन त्या लगोलग स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला, त्याच्या त्या प्राध्यापिका झाल्या. त्यांचे खरे गुरुपद येथून सुरू होते.

परदेशातून मोठी पदवी घेऊन आलेला माणूस बहुधा परदेशातलेच प्रश्न बरोबर आणतो. कमलाबाईंनी विद्यार्थ्यांना काय दिले? मंडईत मिळणारी कडधान्ये. त्यांतले एकच उदाहरण घेऊ, कारण ते बडोद्यालाही लागू आहे आणि सुरतेलाही : वाल.

वाल, पावटा आणि सुरतेची प्रसिद्ध पापडी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची भावंडे. कोवळ्या शेंगा उंधियूत पडतात, वाळलेले दाणे बिरड्यात. आता वालाचे दाणे नुसते अर्धेकच्चे शिजवून खाल्ले तर पोटाला का बाधतात? आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर लहान आतड्यात येते आणि अन्नातील प्रथिने फोडून पचनायोग्य करते. कच्च्या वालात अशी काही द्रव्ये असतात की, ती या ट्रिप्सिनला पकडून निकामी करतात. बी म्हणजे झाडाचे मूल. त्याला किडीने खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. त्यामुळे दाण्यात प्रथिने भरपूर असूनही ती अंगी लागत नाहीत. कमलाबाईंनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने वालातून आणि डबल बीतून हे द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे काढले. त्यांचा निबंध १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. आपल्या परसातल्या वालाचा वेल असा जगाच्या मांडवावर चढला.

अशा संशोधनाचे मोल कोणते, ते स्वयंपाकघरात कळते. वाल रात्रभर भिजत घालावे, उपसून फडक्यात बांधून मोड आणावे, कोमट पाण्यात टाकून सोलावे आणि मग नीट शिजवावे, ही बिरड्याची रीत आपल्या आज्या-पणज्यांनी बसविली. मोड आल्याने हे अपायकारक द्रव्य कमी होते आणि चांगल्या उष्णतेने ते बहुतांशी नष्ट होते, हे शास्त्राने सांगितले. आजीला रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. कारण ठाऊक नसले की रीत टिकत नाही. घाईच्या दिवसांत ती पहिल्यांदा सुटते. म्हणून कारण सांगणाऱ्या माणसाची गरज असते. बंदिश पाठ असणे वेगळे आणि राग कळणे वेगळे. राग कळला की विसरलेली बंदिशही पुन्हा जुळविता येते.

वालाबरोबरच नीरेचे काम आले. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ते हाती घेतले. ताडा-शिंदीचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की ती आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि रस पहाटेच उतरवितात. त्या काळी मुंबई राज्यात दारूबंदी आली होती. ताडी बंद, म्हणजे झाडावर चढून पोट भरणाऱ्या माणसांचा धंदा बंद. नीरेत पोषणाचे काही असेल, तर तेच झाड, तोच माणूस आणि तोच कोयता निराळ्या कामाला लागणार होता. नीरेत जीवनसत्त्व ‘क’ आणि लोह असते आणि तिच्यापासून केलेल्या ताडगुळातही पोषणाचा अंश उरतो, असे कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने दाखविले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुलांच्या व गर्भवतींच्या आहारात नीरेची भर घालून तिचा उपयोग पाहिला. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेच्याही त्या सल्लागार होत्या. दूध नासू नये म्हणून काय करावे, हे त्यांनी तेथे बसवून दिले.

१ मे १९६० पर्यंत सुरत आणि बडोदे ही दोन्ही शहरे त्याच मुंबई राज्यात होती. म्हणजे कमलाबाईंची नीरा ही सुरतेचीही नीरा होती. आजही हिवाळ्याच्या पहाटे सुरतेत नीरा विकावयास येते आणि फिरायला निघालेली मंडळी उभ्या उभ्या पेला रिकामा करतात. त्या पेल्यामागे एक मराठी बाई आहे, हे पिणाऱ्याला ठाऊक नसते. मला तरी कोठे ठाऊक होते? लिंबायतमध्ये शिकवू लागल्यावर मुलांना सांगण्यासाठी मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा हे कळले.

लिंबायत हा भाग सुरत आणि उधना या दोन स्टेशनांच्या पूर्वेला. उधन्याहून जळगावला जाणारा लोहमार्ग म्हणजे खानदेशची जणू नाळ; धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसे त्या रुळांवरून सुरतेच्या मागांवर आली आणि येथे वसली. गल्लीत शिरले की कानावर अहिराणी पडते, श्रावणात कानबाई बसते, भाद्रपदात गणपती. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात, लेस लावतात, खडे चिकटवितात. मजुरी नगावर. बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यांना लिंबायत ठाऊक असलेच तर वर्तमानपत्रातल्या बातमीपुरते. आपण पेशव्यांच्या, गायकवाडांच्या काळात आलेले. ते काल-परवा पोटासाठी आलेले. दोघांची भाषा एक असली तरी जाणे-येणे नाही.

या लिंबायतमध्ये माझे विद्यार्थी वर्गाला येताना डबा आणतात, कारण कित्येकांना दुपारनंतर घरी चूल पेटलेली दिसत नाही. आई कामात, बाप पाळीवर. डब्यांत दोन तऱ्हा दिसतात. काहींत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि मोडाची मटकी. काहींत नुसता पाच रुपयांचा तळलेल्या कुरकुऱ्यांचा पुडा. पुडेवाल्यांच्या घरी जास्त पैसा असतो असे नव्हे. वेळ कमी असतो. आणि मुलांच्या लेखी पुडा शहरातला, कळणा गावंढळ. शास्त्र याच्या नेमके उलट सांगते. ज्वारीसारख्या धान्यात लायसिन नावाचा प्रथिनघटक कमी असतो, तो उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारीत असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. नुसत्या दायाने तबला होत नाही, नुसत्या बायाने होत नाही. मुलांना मी ते याच शब्दांत सांगतो आणि ते त्यांना चटकन कळते. कळण्याची भाकरी लपवून खाणारा एक मुलगा आता ती उघड खातो. माझ्या दृष्टीने ही कमलाबाईंच्या विद्येचीच पावती.

त्याच वर्गात एक मुलगी आहे. आवाज बरा, पण गाण्यापेक्षा तिचा ओढा प्रश्न विचारण्याकडे. मोड आणताना वालाचे पाणी फेकावे का, दूध नासते म्हणजे त्याचे काय होते, अशा प्रश्नांना उत्तरे देता देता माझी त्रेधा उडते. दहावीला तिने चांगले गुण मिळविले आणि विज्ञान शाखेला जायचे म्हणाली. घरात अडचण उभी राहिली. पुढची शाळा दूर, तेथे शिकवण्याची भाषा मराठी नाही, आणि मुख्य म्हणजे आईबरोबर धागे कापणारे दोन हात कमी होणार. मी तिच्या वडिलांना भेटलो. गृहस्थ रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले, पण बोलणे मऊ. म्हणाले, “सर, पोर शिकी ते बरंच शे. पन धागा कोन कापी?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यांना कमलाबाईंची गोष्ट सांगितली. कचेरीबाहेर बसलेल्या मुलीची आणि त्या तीन अटींची. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

चार दिवसांनी त्यांनी होकार दिला, अटी घालून. सकाळी शाळेआधी ठरलेल्या साड्या पुऱ्या करायच्या, वर्षभर पाहायचे, गुण घसरले तर घरी बसायचे. मुलगी आज अकरावीत विज्ञान शिकते आहे आणि पहाटे उठून धागे कापते आहे. पुढे काय होईल, ते मला सांगता येत नाही. अटींवर मिळालेला प्रवेश हा काही न्याय नव्हे. तो १९३३ साली नव्हता आणि आजही नाही. तथापि कमलाबाईंच्या उदाहरणाने त्या घरात एक गोष्ट झाली. ‘मुलीने विज्ञान शिकावे का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कसे जमवावे?’ हा पुढे आला. वडिलांनी रामन यांचे नाव यापूर्वी ऐकले नव्हते, कमलाबाईंचेही नव्हते. परंतु एवढ्या मोठ्या माणसाचे मत एका मुलीच्या वर्षभराच्या कामाने पालटले, हे त्यांना पटले.

विद्येची दारे कोणी उघडली म्हणजे काय होते, हे बडोदेकरांना सांगावयास नको. गाणे हे घराण्याचे धन, ते बाहेरच्याला द्यावयाचे नाही, अशी रीत होती तेव्हा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. चिजा लिहून घेण्याची पद्धत बसविली आणि कोणाचा कोण हे न विचारता मुले वर्गात बसविली. त्या वेळी जुन्या कलावंतांनी नाके मुरडली असतील. आज ती शाळा महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नाट्य विद्याशाखा होऊन उभी आहे, आणि माझ्यासारख्या शेकडो जणांची भाकरी तीवर चालते. १९४९ साली स्थापन झालेल्या त्याच विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. अन्न आणि पोषण हा पदवीचा विषय झाला तेव्हा ‘स्वयंपाकाला कसली आली पदवी?’ म्हणून हसणारे आपल्यातही होते. मुंबईत कमलाबाई आणि बडोद्यात ही विद्याशाखा, दोहोंनी एकाच सुमारास एकच गोष्ट मांडली : चूल ही प्रयोगशाळेपेक्षा हलकी जागा नव्हे.

कमलाबाईंचे स्वतःचे कौतुक मात्र फार सावकाश झाले. ज्या विज्ञान संस्थेचा विभाग त्यांनी नावारूपास आणला, तिचे संचालकपद त्यांना मिळण्यास चार वर्षे उशीर झाला. अंतर्गत राजकारण आडवे आले. अखेर ते मिळाले तेव्हा केंब्रिजचे ते टेबलवाले रिश्टर यांनी त्याची आवर्जून दखल घेतली. निवृत्तीनंतर कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहक मार्गदर्शक संस्था काढली होती. तिच्या कामात त्या पडल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत राहिल्या. दुकानातून आणलेल्या वस्तूत काय आहे हे बाईला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. वालातला अपाय शोधणारी दृष्टीच येथे डब्याबाटल्यांकडे वळली होती.

उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला. परिषदेच्या महासंचालक डॉ. सत्यवती यांना या विस्मृत शास्त्रज्ञ बाईंची हकीकत कळली होती आणि त्यांनी तो सोहळा घडवून आणला. सत्काराच्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. एका स्त्रीने उघडलेल्या दारातून दुसरी मोठ्या पदावर पोहोचली आणि तिने पहिलीला शोधून काढले, एवढे समाधान या शेवटात आहे.

गुरूचे ऋण फेडण्याची आपली रीत म्हणजे पुण्यतिथी, हार आणि भाषण. कमलाबाईंचे ऋण त्याहून स्वस्तात फिटण्यासारखे आहे आणि म्हणूनच ते अवघड आहे. बडोद्यात निवृत्त प्राध्यापिका, डॉक्टरीणबाई, गृहविज्ञान शिकून संसारात रमलेल्या लेकीसुना यांची मराठी घरांत वाण नाही. सुरत गाडीने दोन-अडीच तासांवर. लिंबायतच्या एखाद्या गल्लीत महिन्यातून एका रविवारी जाऊन डाळ का भिजवावी, मोड का आणावे, पुड्यापेक्षा कळणा का बरा, हे कारणांसह सांगणारी माणसे तेथे हवी आहेत. नववी-दहावीतल्या मुलींना विज्ञान आणि गणित मराठीतून समजावून, मग पुढच्या शाळेची भाषा शिकविणारीही हवी आहेत. जाणाऱ्यांना चहा मिळेल, पहाटेच्या गाडीने गेल्यास हिवाळ्यात नीराही मिळेल, आणि गल्लीतल्या बाया इतके प्रश्न विचारतील की परतीची गाडी चुकण्याचा संभव आहे.